म्युनिकला वाण्याचा पोऱ्या कुठून आणायचा?

ताई,

मी मूळची पार्ल्याची. लग्न होऊन गोरेगावला आले आणि दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे म्युनिकला. थोरला सव्वाचार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. नवं घर, नवी भाषा, थंडी, सगळं निभावलं. घोडं अडलंय ते वाणसामानापाशी. हसू नका. इथे संध्याकाळी आठला दुकानं बंद, रविवारी तर कडकडीत बंद. थोरल्याला चार वाजता बालवाडीतून घेते आणि तशीच दोघांना घेऊन दुकानात शिरते. तो ट्रॉलीत बसत नाही, ती ट्रॉलीतून उतरू बघते. काउंटरवरची बाई सामान इतक्या वेगाने पुढे ढकलते की मी पिशवी उघडेपर्यंत समोर डोंगर झालेला असतो आणि मागे रांग. चॉकलेटंही नेमकी तिथेच टांगलेली. मागच्या महिन्यात मटणाच्या काउंटरवरच्या बाईंनी थोरल्याच्या हातात सॉसेजची चकती ठेवली. आम्ही मासे, अंडी, चिकन खातो, डुकराचं नाही. मी इतक्या जोरात 'नाइन' (नको) म्हणून ओरडले की त्या बिचाऱ्या दचकल्याच.

सासूबाई फोनवर म्हणतात, "आम्ही तीन-तीन पोरं घेऊन बाजारहाट केला, तुम्हाला तर गाड्या आणि लिफ्ट." नवरा म्हणतो, "येता येता घेऊन यायचं, त्यात काय एवढं?" रोज काहीतरी संपलेलं असतं, त्यामुळे आठवड्याला चार-पाच फेऱ्या होतातच.

गेल्या गुरुवारी थोरल्याने काउंटरपाशी लोळण घेतली आणि मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मागे उभ्या असलेल्या आजी काहीतरी बोलल्या, मला अर्धंच कळलं. घरी येईपर्यंत तो विसरला, मी नाही विसरले. मुलांना बाजारात शिस्तीत कसं वागायला लावायचं, एवढं सांगा. मला 'तू' म्हटलंत तरी चालेल.

ता. क. इथे चक्का मिळत नाही. पाडव्याला श्रीखंडाचं काय करू?

– म्युनिकची पार्लेकरीण

प्रिय पार्लेकरीण,

'तू'च म्हणते. माझी भाची तुझ्याच वयाची असेल, फ्रांकफुर्टजवळ राहते. तिच्याकडे मी दोनदा तीन-तीन महिने राहून आले आहे. (शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतात, नाहीतर तिने आणि तिच्या जुळ्यांनी मला सोडलं नसतं.) म्हणून दादरला बसून अगदीच उंटावरून शेळ्या हाकते आहे असं समजू नकोस. त्या काउंटरपुढे माझीही त्रेधा उडाली आहे. एकदा पाकीट काढताना हातातली अंडी खाली ठेवली, ती माझ्याच बटाट्यांखाली गेली.

तू शिस्तीचं विचारलं आहेस. मी आधी तुझ्या सासूबाईंच्या वाक्याकडे येते. त्या खोटं बोलत नाहीयेत, पण त्यांचा हिशेब अर्धा आहे.

ऐंशीच्या दशकात मीही दादरला दोन मुलं घेऊन बाजार केला. आता आठवून बघते, त्या बाजारात माझे हात किती होते आणि इतरांचे किती. महिन्याची यादी वाण्याकडे टाकली की दुपारी त्याचा पोऱ्या डोक्यावर खोकं घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर. पुढे आम्ही मुंबई ग्राहक पंचायतीचे सभासद झालो. १९७५ साली सुरू झालेली ही पंचायत, तुझ्या पार्ल्यात घरोघरी ठाऊक असेल. तेव्हा आमच्या संघातल्या सगळ्या घरांचं महिन्याचं सामान एकीच्या दिवाणखान्यात उतरायचं आणि आम्ही बायका गप्पा मारत ते वाटून घ्यायचो, मुलं त्याच गोणींवर लोळत असायची. भाजीवाली इमारतीखालीच बसायची. वरून टोपली सोडली की भाजी वर आणि पैसे खाली. बाजारात जायचंच झालं तर धाकट्याला शेजारच्या काकूंकडे टाकून जायचं. विचारायचंसुद्धा नाही, दार उघडंच असायचं.

एकदा गणपतीच्या आदल्या दिवशी थोरला माझा हात सोडून फुलबाजारात नाहीसा झाला. दहा मिनिटं माझ्या जिवात जीव नव्हता. सापडला तेव्हा एका फुलवालीच्या पाटीशेजारी मांडी घालून बसला होता, हातात काकडी, कानामागे शेवंती. तिला मी ओळखत नव्हते. तिने मला चार शब्द सुनावले, त्याला एक फूल जास्त दिलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

तर मोज. वाणी, पोऱ्या, भाजीवाली, काकू, ती फुलवाली, शिवाय घरात सासू किंवा आई. 'आम्ही तीन-तीन पोरं घेऊन' यातल्या 'आम्ही'मध्ये ही सगळी माणसं असतात, फक्त सांगताना ती गळतात. गोरेगावलासुद्धा तू एकटीने बाजार केला नसशील. आजची मुंबई तर त्याच्याही पुढे गेली, फोनवर बोट टेकवलं की दहा मिनिटांत कोथिंबीर दारात. माझ्या इमारतीत अशी मुलं आहेत ज्यांनी वाण्याचं दुकान आतून पाहिलेलंच नाही. आणि तू तिकडे दोन हातांनी सहा माणसांचं काम करते आहेस, त्यातला एक हात बाबागाडीवर. मुलांचं वागणं सुधारायला घेण्याआधी मला हे काम कमी करायचं आहे. चार-पाच फेऱ्यांच्या दोन झाल्या की ती मुलं निम्मी गुणी वाटायला लागतील, बघ.

पहिलं काम नवऱ्याचं. 'येता येता' हा शब्द त्यांना लखलाभ असो, पण मग येताना त्यांनीच आणावं. बटाटे, कांदे, तांदूळ, तेल, दूध, डायपर, जे जे जड आणि जे जे ठरलेलं, ते सगळं शनिवारी सकाळी दुकान उघडता उघडता त्यांनी एकट्याने जाऊन आणायचं. सकाळीच, कारण दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून शनिवारी दुपारी निम्मं म्युनिक त्याच दुकानात असतं. यादी तू करून देऊ नकोस. फ्रिजवर कागद लावा, ज्याला जे संपलेलं दिसेल त्याने ते लिहायचं. पहिले दोन शनिवार ते चुकीचं दही आणतील, तेच खायचं. तुझ्या पत्रात ते एका वाक्यापुरते आले आणि मला ते वाक्य आवडलं नाही, हेही सांगून टाकते. यातलं काही जमत नसेल त्या आठवड्यात रेवेसारखी साखळी दुकानं घरपोच देतात. वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, आपल्यासारखं 'आत्ता संपलं, आत्ता पाठव' होत नाही. पैसे थोडे जास्त जातात. जाऊ देत.

रविवार बदलेल या आशेवर राहू नकोस. रविवारच्या विश्रांतीचं ते कलम १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं आहे आणि आजच्या घटनेत ते जसंच्या तसं उचललं आहे. २००६ पासून दुकानांच्या वेळा प्रत्येक राज्य ठरवतं, कित्येक राज्यांनी रात्री उशिरापर्यंत मोकळीक दिली, तुझं बायर्न राज्य (बव्हेरिया) मात्र आठला शटर ओढतं. त्यात म्युनिकला वर्षाला १३ सार्वजनिक सुट्ट्या. ईस्टरला शुक्रवार बंद, शनिवार उघडा, रविवार-सोमवार पुन्हा बंद. नाताळात २५ आणि २६ दोन्ही दिवस बंद. या सुट्ट्या कॅलेंडरवर लाल पेनाने आत्ताच मारून ठेव. टिकाऊ दुधाचे, त्यांच्या 'हा-मिल्श'चे, चार डबे कपाटात कायम असू देत. मुख्य स्टेशनातली काही दुकानं रविवारी उघडी असतात आणि बेकऱ्याही काही तास उघडतात, तेव्हा उपाशी कुणी राहत नाही. रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी दूध संपल्याचं कळलं तर निदान रडू येत नाही, इतकंच.

दुसरं, ग्राहक पंचायत तिकडे काढ. नाव देऊ नकोस, नोंदणी करू नकोस. बाळंतपणाच्या वर्गात, बालवाडीच्या दारात, गणपतीला कुणा मराठी घरी, अशा तीन-चार बायका तुला भेटल्याच असतील. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गूळ, शेंगदाणे हे महिन्यातून एकदा मिळून मागवायचं, एकीच्या घरी उतरवायचं आणि वाटून घ्यायचं. दर महिन्याला घर बदलायचं. माझ्या भाचीने हेच केलं. सामानापेक्षा तिला त्या दुपारचा जास्त फायदा झाला, कारण त्या दोन तासांत सात मुलं एकमेकांना सांभाळत होती आणि आया चहा पीत होत्या. भारतीय दुकान दूर असेल तर जवळचं टर्किश दुकान बघ. जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला, त्या लोकांच्या पाठोपाठ त्यांची भाजी आली. भेंडी, छोले, पुदिना, जाडजूड जुड्यांची कोथिंबीर तिथे मिळते. जुडी हुंगून घे, शेजारीच तशीच दिसणारी पार्सली असते आणि ती घरी आणून आमटीवर घातली की घरभर निराशा पसरते.

पिठाचं तू विचारलं नाहीस, पण तिथेही वेळ जात असणार. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या फडताळापुढे पाव तास उभी होते. पाकिटावरचा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर राहणारी राख, मिलिग्रॅममध्ये. ४०५ म्हणजे जवळपास आपला मैदा. ५५० त्याच्या जरा वर. १०५० मध्ये कोंड्याचा अंश बराच. 'व्होलकॉर्न' म्हणजे सबंध गव्हाचं. मी १०५० आणि व्होलकॉर्न निम्मं-निम्मं केलं, पोळ्या बऱ्या झाल्या, फुलके फुगवायचा हट्ट सोडला. 'वाइत्सेन' हा शब्द बघून घे, तो गहू. 'रॉगेन' म्हणजे राय, त्याची पोळी लाटायला गेलीस तर पोळपाटाशी भांडण होईल. 'ग्रीस' म्हणजे रवा, शिऱ्याला चालतो.

आता मुलं बरोबर असतानाचा बाजार. तो दहा वस्तूंचा असावा, एकाच दुकानात, वीस मिनिटांत. अकरावी आठवली तर कागदावर लिहायची, पुढच्या वेळी आणायची.

आत शिरल्यावर आधी दोघांच्या कोटाच्या चेन उघड, टोप्या काढ. हे मला भाचीच्या शेजारच्या जर्मन आजींनी सांगितलं आणि मी कपाळावर हात मारला. बाहेर शून्याखाली, आत उबदार, आणि मूल तीन थरांत गुंडाळलेलं. आपल्याला मुंबईत मुलांना कपडे काढायला सांगायची सवयच नाही. धाकटी ट्रॉलीतून उतरू बघते त्यातलं निम्मं कारण कदाचित उकाडा असेल. उरलेलं कारण भूक. चार वाजता बालवाडीतून निघालेलं मूल हे भुकेलं मूलच असतं. तिकडे बऱ्याच दुकानांत काउंटरच्या अलीकडे-पलीकडे, दाराशीच, बेकरीचा ठेला असतो. आधी तिथे पैसे देऊन दोघांना एक-एक ब्रेझ, म्हणजे गाठ मारलेला प्रेट्झेल पाव, घेऊन दे. बायर्नमधलं प्रत्येक पोर बाबागाडीत ब्रेझ चघळत मोठं होतं, कुणी तुझ्याकडे बघणार नाही. (ब्रेझमध्ये कुठे कुठे डुकराची चरबी घालतात, म्हणून एकदा विचारून ठेव, 'ओने श्वाइनश्माल्झ?') फडताळावरचं पाकीट पैसे देण्याआधी फोडून मुलाला दिलेलं मात्र तिकडे आवडत नाही.

थोरल्याला रिकाम्या बाटल्या दे. त्याच्याकडे 'जरा शहाण्यासारखा वाग' हे काम नको, ते त्याला कळत नाही, मोठ्यांनाही नीट कळत नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे डबे यांच्यावर तिकडे २००३ पासून २५ सेंट अनामत असते, हे तुला ठाऊकच आहे. मशीनमध्ये बाटल्या सरकवायचं काम सव्वाचार वर्षांच्या मुलासाठीच कुणीतरी शोधलं असावं. बाटली तो चेपणार नाही एवढं बघ, चेपलेली मशीन घेत नाही. चार बाटल्या म्हणजे एक युरो. बटण दाबून चिठ्ठी तोच काढेल, काउंटरवर तोच देईल, आणि तो युरो त्याचा. लहानपणी आम्ही आरेच्या केंद्रावर पहाटे दुधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊन रांगेत उभं राहायचो, कार्ड दाखवायचं, रिकाम्या द्यायच्या, पत्र्याच्या झाकणाच्या भरलेल्या घ्यायच्या. मी सहा वर्षांची असेन. एक बाटली फुटली तर घरी काय होईल या विचाराने मी इतकी शहाणी चालायचे की आईला सांगावं लागलं नाही.

त्या युरोचा खरा उपयोग चॉकलेटांपाशी होतो. काउंटरजवळ मुलांच्या उंचीला टांगलेल्या मालाला जर्मन भाषेत चक्क एक शब्द आहे, 'क्वेंगेलवारे'. 'क्वेंगेलन' म्हणजे भुणभुण लावणं, 'वारे' म्हणजे माल. भुणभुणीचा माल. ज्या भाषेला त्यासाठी शब्द करावा लागला, त्या भाषेतल्या आया तुझ्यासारख्याच तिथे उभ्या राहून घाम पुसत आल्या असणार. त्या रांगेत 'नाही' आणि 'हो' यांची ओढाताण करण्यापेक्षा, 'तुझ्या युरोत बसतं का बघ' म्हण. पहिल्यांदा तो पाच मिनिटं खाईल. म्हणून रांगेत लागायच्या आधीच, दुकानाच्या मधल्या फडताळापाशी निवडायला सांग. युरो शिल्लक ठेवला तर पुढच्या वेळी दोन, हे गणित त्याला तुझ्याआधी समजेल. रंगीत अस्वलांच्या गोळ्या निवडल्या तर मागचं वाच, बहुतेकांत जिलेटिन असतं आणि ते बरेचदा डुकराचं. आपल्यासारखा हिरवा ठिपका तिकडे सक्तीचा नाही. पिवळ्या रंगाचं 'व्ही' लेबल असतं, पण ते लावायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. त्याला 'श्वाइन' (डुक्कर) शब्द ओळखायला शिकव, अक्षरं येत नसली तरी चित्रासारखा लक्षात ठेवतो. भाचीची जुळी साडेचारची असताना हे मोठ्याने वाचत फिरायची, लोक हसायचे.

काउंटरच्या वेगाशी स्पर्धा करू नकोस. तिकडच्या स्वस्त दुकानांत पिशवी काउंटरवर भरायचीच नसते. पट्ट्यावर सामान ठेवतानाच जड आधी, नाजूक शेवटी, अशा क्रमाने ठेव. पलीकडे ट्रॉली लावून ठेव, बाई ढकलतील तसं सगळं सरळ ट्रॉलीत पडू दे, पैसे दे आणि बाजूला हो. मागे भिंतीलगत फळी असते, तिथे निवांत पिशव्या भर, हवं तर दहा मिनिटं लाव. पट्ट्यावर दोन गिऱ्हाइकांच्या मधे ठेवायची ती तिकोनी पट्टी थोरल्याकडे सोपव, मागच्या माणसासाठी ती ठेवून 'बिटे' (घ्या) म्हणायचं. मागचा माणूस 'डांके' (आभार) म्हणतोच. रांगेतली माणसं तुझ्यावर वैतागलेली आहेत असं वाटत असतं ना, त्यांच्यातल्या एकाला तरी तो रोज हसायला लावेल. ट्रॉली सोडवायला घातलेलं नाणं परत घ्यायचं कामही त्याचंच. आणि फोन? काउंटरपाशी तीन मिनिटं धाकटीच्या हातात फोन दिलास म्हणून मी काही म्हणणार नाही. वीस मिनिटं नको.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त आवडलेली व्यक्ती म्हणजे ती मटणाच्या काउंटरवरची बाई. तू तिला 'बिचारी' म्हटलंस म्हणून मी हे लिहायचं धाडस करते. लहान मुलाच्या हातात सॉसेजची चकती ठेवणं ही तिथली जुनी रीत आहे. आपला वाणी मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि भाजीवाली गाजर द्यायची, तेच हे. त्या अख्ख्या दुकानात तुझ्या मुलाकडे आपणहून पुढे आलेला तो एकच हात होता, आणि त्यात नेमकं डुक्कर निघालं! तिच्याकडे परत जा. गर्दी नसेल अशा वेळी, दोन्ही मुलांना घेऊन. 'नाइन डांके, लीबर आइन श्टुक केझे' एवढं पाठ करून जा, म्हणजे 'नको, त्यापेक्षा चीजचा तुकडा'. चीज शेजारच्याच काचेखाली असतं. सोबत चीज थोडं विकतही घे. पुढच्या खेपेला ती विचारायच्या आधीच चीज कापेल. तुला तिकडे काकू मिळत नाहीयेत असं वाटत असेल तर त्या अशाच मिळतात, काचेच्या पलीकडून.

याच कारणासाठी तुमच्या भागातला 'वोखेनमार्क्ट' शोध. आपला आठवडी बाजारच तो, ठरलेल्या वारी चौकात भरतो. मी म्युनिकच्या जुन्या, १८०७ पासूनच्या व्हिक्टुआलियनमार्क्टबद्दल बोलत नाहीये. तो रविवार सोडून रोज असतो, देखणा आहे, पण तिथल्या किमती ऐकून तुझ्यातली पार्लेकरीण जागी होईल. वस्तीतला छोटा बाजार बघ. तिथे सामानासाठी जाऊ नकोस, अर्धा किलो सफरचंदांसाठी जा. भाव करायचा नाही. टोमॅटो आपल्या हाताने निवडायला जाऊ नकोस, ते विक्रेत्याचं काम, आपण दादरला जसं दाबून बघतो तसं दाबलंस तर रागावतील. त्याऐवजी कुठलं गोड आहे ते विचार. ते फोड कापून देतात, मुलांना आधी. तुझं जर्मन इथे जितकं सुधारेल तितकं वर्गात सुधारणार नाही, कारण इथे उत्तर खायला मिळतं.

आता तो धपाटा. पत्राच्या शेवटी, दोन ओळींत, हळूच ठेवला आहेस, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंस.

सरळ सांगते. जर्मनीत २००० सालापासून मुलाला मार न खाता वाढण्याचा हक्क कायद्याने आहे, आणि त्यात चापट, धपाटा, कान पिळणं सगळं येतं. 'आमच्याकडे चालतं' हे तिकडे उत्तर होत नाही. त्या आजी काय बोलल्या ते तुला नीट कळलं नाही, मलाही कळायचा मार्ग नाही, त्यामुळे तो विषय रात्री उशाशी घेऊन झोपू नकोस. पण कायद्याच्या भीतीने हात आवरायचा असं मला तुला सांगायचं नाही. मीही माझ्या थोरल्याला मारलं आहे. त्या फुलबाजारातून घरी आणल्यावर, काकडीसकट. तो आज सत्तेचाळीस वर्षांचा आहे, त्याला ती शेवंती आठवते आणि तो मार आठवत नाही. मला दोन्ही आठवतं. त्या दिवशी घाबरले होते मी, आणि मार त्याला बसला.

तू त्या गुरुवारी किती दमली होतीस, हे तुझ्या पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. चौथी फेरी होती का? तू स्वतः दुपारचं जेवली होतीस का? त्याला एकदा सांग, 'त्या दिवशी मी मारलं, ते चुकलं, पुन्हा नाही मारणार.' तो विसरला असला तरी सांग. आणि पुन्हा अशी लोळण घेतली, घेईलच, तर भरलेली ट्रॉली तिथेच सोडायची. काउंटरवरच्या बाईंना 'एस टूट मिर लाइड', म्हणजे 'माफ करा', म्हणायचं, दोघांना उचलायचं आणि बाहेर पडायचं. दहा वस्तूच आहेत त्यात. रात्री खिचडी होईल, आणि ट्रॉलीतलं सामान शनिवारी नवरा आणेल. हात उठतोय असं जाणवलं तर तो ट्रॉलीच्या दांड्यावर ठेव आणि मोठ्याने मराठीत काहीही बोल. तिथे कुणाला कळणार नाही, हा परदेशी राहण्याचा एक लहानसा फायदा. हे गुरुवार वारंवार येऊ लागले, मुलं झोपल्यावरही छातीवरचा दगड उतरत नसेल, तर तुमच्या मुलांच्या डॉक्टरांशी बोल. तिकडे त्या गोष्टीला कुणी नावं ठेवत नाही.

आणि श्रीखंड. चक्का तुझ्या दुकानात केव्हापासून आहे, फक्त त्याचं नाव 'क्वार्क' आहे. दह्यांच्या शेजारी चौकोनी किंवा गोल डब्यात, पाव किलो किंवा अर्ध्या किलोचा. 'मागर' लिहिलेला घेऊ नकोस, तो बिनस्निग्ध, त्याचं श्रीखंड खडूसारखं लागतं. '४० टक्के' लिहिलेला घे. आकड्याला घाबरू नकोस, ते ४० टक्के पाणी वगळून उरलेल्या भागातले असतात, सबंध डब्यात स्निग्धांश साधारण ११ टक्क्यांच्या आसपासच येतो. पातळ कापडात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेव, खाली वाटी. सकाळी पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढ. साखर बेताने, कारण क्वार्क आपल्या चक्क्यापेक्षा कमी आंबट असतो. केशर दुधात भिजव. वेलची तिकडे महाग पडते आणि वासाला फिकी, ती आईकडून मागव. पाडव्याच्या आदल्या दिवशी क्वार्क आणायला थोरल्याला ने, एक डबा तोच ट्रॉलीत टाकेल, आणि त्याला सांग की वर एक डबा त्या चीजवाल्या काकूंसाठी.